टेकाडाखालची करवंदी

तुळजाकाकी रोज सकाळी शेतावर जाताना बांधावरचा एक खडा उचलायची आणि न थांबता टेकाडाच्या पायथ्याशी, करवंदीच्या जाळीखाली टाकायची. त्या टेकाडावर येताजाता दगड टाकायची सवय आमच्या वळ गावात सगळ्यांनाच होती. पण बाकीचे वर फेकायचे. काकीचा खडा खालीच पडायचा. तिथे तिची पहिली मुलगी होती, सव्वा महिन्याची. गावाला हे माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. पुरलेल्या लेकराची जागा तोंडाने सांगितली की घरातलं पुढचं मूल त्याच वाटेने जातं, असं आमच्याकडे मानतात.

त्र्याहत्तर साली भिवंडीचे लूम वळपर्यंत पोचले. टेकाडाची मातीही भरणीला जायची होती. पण खणताना त्यात जुनी मडकी आणि हाडं निघाली, आणि मुंबईहून पुरातत्त्व खात्याचे साहेब आले. हे फार प्राचीन थडगं आहे, आता याला कुणी हात लावायचा नाही, असं त्यांनी सांगितलं.

खणणाऱ्यांतला दामू म्हणाला, "म्हंजे आपन इतकी वर्सं मेलेल्याला दगड मारीत व्हतो. बरा, उठला न्हाय."

कुंपणाच्या खुणा करताना साहेबांनी जाळीपाशी उभ्या काकीला विचारलं, इथे खाली कुणाचं काही आहे का, असेल तर तार पुढे घेतो. काकीची धाकटी लेक चंद्रा तेव्हा पोटुशी, माहेरी आलेली.

"न्हाय," काकी म्हणाली. "काय न्हाय."

तार जाळीच्या आतून गेली. करवंदी बाहेर, लूमवाल्या केसरीनाथशेठच्या जमिनीत राहिली. चंद्रा सुखरूप बाळंत झाल्यावर काकी नवऱ्याला, सावळारामकाकांना घेऊन शेठकडे गेली. काय काम काढलं, असं शेठने दोनदा विचारलं. आता घरात नातू होता. काका म्हणाले, सहज आलो. चहा पिऊन दोघं परतली. पुढच्या आठवड्यात करवंदीच्या जागी लूमच्या शेडचा पाया खणला.

मग काकी त्याच शेडमध्ये सुताच्या कांड्या भरायला लागली. मागचा कोपरा, जिथे करवंदी होती तो, तिने मागून घेतला. खिडकीतून तारेमागचं टेकाड दिसायचं, गवत वाढलेलं, जपलेलं. खडा ती रोज आणायची, पण टाकणार कुठे? खाली फरशी होती. संध्याकाळी तो परत बांधावर ठेवायची.

चार वर्षांनी, एका दुपारी अंगात ताप म्हणून ती शिफ्ट अर्धी टाकून उठली. त्या तापातून ती उठली नाही. शेडमधून निघताना शेजारी काम करणाऱ्या कमळला एवढंच म्हणाली होती, "माझ्या कोपऱ्यात सुताचा बीम ठिवू देऊ नको कुनाला. उद्या येते मी."