पदराकडे गेलेला हात

धुरपदाबाईच्या अंगात दवाखान्यात कानबाई देवी पहिल्यांदा आली तेव्हा नूतन तिच्या समोरच बसली होती. केस मोकळे सुटले, मान गरगर फिरू लागली, लोखंडी पलंग करकरला. दाराशी बसलेली महिला कॉन्स्टेबल चपला काढून उभी राहिली. नूतनने हात जोडले नाहीत. जोडायला निघालेले हात तिने मांडीखाली दाबून धरले, एवढंच.

नवऱ्याच्या डोक्यात वरवंटा घालून त्याचा जीव घेतल्याचा आरोप धुरपदाबाईवर होता. "मी नाही, देवीनं मारलं," यापलीकडे ती काही सांगत नव्हती. कोर्टाने तिला तपासणीसाठी सुरतेतल्या सरकारी दवाखान्यात पाठवलं होतं. आजार खरा निघाला तर उपचार, सोंग निघालं तर खुनाचा खटला. त्यासाठी कोर्ट ज्या अहवालाकडे बघणार होतं तो लिहायचा होता दवाखान्यातल्या मानसतज्ज्ञ नूतनला. ती सुरतेतल्याच कोसाडच्या वसाहतीत वाढलेली, कापडाच्या लूमवर राबणाऱ्या खानदेशी बापाची मुलगी.

"नूतनबेन, तुमची माताजी तर ऑफ-सीझन आवी गई," तिचे वरिष्ठ मगन डॉक्टर चहाचा घोट घेत म्हणाले. "श्रावणातली देवी, अन् माघात?"

"देवीला कॅलेंडर नसतं, सर."

"सोंग घेणाऱ्यानं तरी बघावं ना."

अशा तपासणीत काही प्रश्न मुद्दाम पेरलेले असतात. कुठल्याच आजारात न दिसणारी लक्षणं त्यांत घातलेली असतात. आवाज येतो तेव्हा डावा कान गरम होतो का? होतो, धुरपदाबाई म्हणाली. त्या दिवशी सगळी माणसं एकाच चेहऱ्याची दिसतात का? दिसतात. खरा आजारी माणूस एवढं सगळं पदरात घेत नाही. तरी नूतन थांबली. घाबरलेला माणूसही होला हो करतो, हे तिने घरी पाहिलं होतं.

मग एका दुपारी, देवी ऐन भरात असताना, दार उघडून रघुनाथ आत आला. धुरपदाबाईचा जेठ, नवऱ्याचा थोरला भाऊ. डबा घेऊन रोज यायचा. तिची मान फिरत होती, घशातून घोगरा आवाज निघत होता. आणि त्यातच तिचा उजवा हात गुपचूप उठला, खांद्यावरचा पदर त्या हाताने डोक्यावर आणला, आणि मान पुन्हा फिरू लागली.

देवी कुणासमोर पदर घेत नाही. अंगात आलेल्या बाईच्या तर सासराही पाया पडतो. हे नूतनला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं.

सोंगाची खूण सापडली म्हणून तिला बरं वाटायला हवं होतं. पण तो हात घरापर्यंत मागे आला. बसमध्ये दांडी धरून उभ्या असलेल्या बायकांचे हात आता पदराकडे जातील, आता जातील, असं तिला वाटत राहिलं.

तो हात तिने आधी पाहिला होता. श्रावणातला रविवार, कानबाईपुढे मांडलेले नैवेद्याचे रोट, आणि आईच्या अंगात आलेली देवी. एरवी आईवर हात उचलणारा बाप जमिनीला कपाळ टेकून होता. नूतनला शाळेतून काढून साड्यांवर टिकल्या लावायला बसवायचं त्याने ठरवलं होतं. "पोरले शाळामाईन काढू नको," देवी गरजली होती. तेवढ्यात आजोबा, आईचे सासरे, दारात आले आणि आईचा हात पदराकडे गेला. पोरीने ते पाहिलं होतं. मोठ्या झालेल्या नूतनने मात्र ते स्वतःला कधी आठवू दिलं नव्हतं.

घरी तिची आई, अनुसया, भाकरी थापत होती.

"आई, मला शाळेत ठेव म्हणाली ती देवी खरंच आली होती?"

थापणं थांबलं नाही. "तुना बाप मनं ऐके का कधी?" आई म्हणाली. "बस. भाकर खाय आते."

दुसऱ्या दिवशी नूतनने रघुनाथचा डबा बाहेरच ठेवून घेतला आणि दार लावलं.

"जेठ उनात, तवय पदर काब लिधा, माय?" जेठ आले तेव्हा पदर का घेतला, हे तिने धुरपदाबाईच्याच बोलीत विचारलं.

धुरपदाबाईने आपल्या हाताकडे पाहिलं, तो दुसऱ्या कुणाचा असावा तसं. "त्यानीच सांगं," ती म्हणाली. "देवीनं नाव ले, सुटशी." जेठानेच सांगितलं होतं, देवीचं नाव घे, सुटशील.

"आणि वरवंटा कुणी घातला?"

तिने बंद दाराकडे पाहिलं. "मनी पोर त्यानाकडे शे," मग म्हणाली. माझी मुलगी त्याच्याकडे आहे. वरवंट्याचा प्रश्न नूतनने तीनदा वेगवेगळा करून विचारला. उत्तर तेच आलं.

'लक्षणे खरी नाहीत,' नूतनने अहवालात लिहिलं. लिहिताना आईच्या भाकरीची थाप कानात वाजत होती. मग खाली आणखी लिहिलं. सोंग कुणाच्या सांगण्यावरून घेतलं आणि मुलगी कुणाच्या ताब्यात आहे, याची कोर्टाने चौकशी करावी.

"आ आपणुं काम नथी, बेन," मगन डॉक्टर म्हणाले.

"खोडू का मग?"

त्यांनी कागद पुढे ओढला. आणि सही केली.

धुरपदाबाईला तुरुंगात परत नेताना रघुनाथ व्हरांड्यात उभा होता, हातात भरलेला डबा. तिचा हात उठला, छातीपर्यंत आला आणि तिथेच राहिला. पण रघुनाथ तिच्याकडे बघतच नव्हता.

"ताई, तूबी आपल्यातलीच ना," तो नूतनला हळू आवाजात म्हणाला. "काय लिहिलं?"

बोलायला तोंड उघडलं तेव्हा नूतनला कळलं की तिची ओढणी डोक्यावर आलेली होती.

"कोर्टात वाचतील," ती म्हणाली. ओढणी खाली घ्यायला तिला दोन्ही हात लागले.