पितळी पाटीवरचा आकडा

नव्वदच्या दशकात मी जळगावच्या एका डाळमिलमध्ये इलेक्ट्रिशियन होतो. धुळ्याहून डिप्लोमा करून आलेलो, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं असा माझा ठाम समज होता. तुरीचं टरफल काढणारा रोलर जरा हळू फिरवला तर डाळ कमी फुटेल, हे शेठच्या डोक्यात मीच भरवलं आणि मोटरचा वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह मागवायला लावला. पत्र्याचा डबा, चार बटणं आणि सोबत जाडजूड इंग्रजी पुस्तक. डबा भिंतीवर चढला, वायरी जोडल्या, आणि चालू करताच त्या डब्यानं मला विचारलं, मोटर किती अँपिअरची?

मोटरवर पितळी पाटी होती. चकचकीत, तोंड दिसेल अशी. पण तिच्यावर एक अक्षर नव्हतं. दसऱ्याला मिलमध्ये मशिनांची पूजा व्हायची आणि आदल्या दिवशी झाडलोट करणाऱ्या अक्का सगळं पितळ चिंच आणि राख लावून घासायच्या. इतक्या वर्षांच्या दसऱ्यांनी आकडे पार झिजवून टाकले होते. जुनं बिलही सापडेना.

मिलचे जुने मिस्त्री म्हणाले, पाच हॉर्सपॉवर. त्या हिशेबानं मी साडेसात अँपिअर भरले. भरलेल्या आकड्यापेक्षा मोटर जास्त वीज खाऊ लागली की ती बंद करायची, हे त्या डब्याचं काम. तूर टाकल्यावर पाच मिनिटांत ड्राइव्हनं मोटर बंद केली. परत चालू केली, परत बंद. चिमट्यासारख्या मीटरनं तार धरून पाहिली तर मोटर अकरा अँपिअर घेत होती. आता हा अकरा तिचा रीतसर घास होता की ती आजारी होऊन जास्त खात होती? आकडा बिनधास्त वाढवावा तर एखाद दिवशी मोटर जळायची आणि डबा बघत बसायचा. पुस्तकात एकच वाक्य होतं, मोटरच्या पाटीवरचा आकडा भरावा. मला त्या पुस्तकाचा संताप आला.

तिसऱ्या दिवशी शेठ आले. तुरीची पोती छताला टेकली होती.

"काय डिप्लोमावाले, कधी चालणार?"

मी गडबडलो. बोट आपोआप पाटीकडे गेलं. "शेठ, अक्कांनी घासून घासून आकडेच घालवले. मी तरी काय करू?"

शेठ तिथंच झाडत असलेल्या अक्कांकडे वळले. "उद्यापासून येऊ नका."

अक्कांनी झाडू भिंतीला टेकवला, जेवणाचा डबा उचलला आणि गेल्या. घरात त्या एकट्याच कमावणाऱ्या, हे मला माहीत होतं. तरी मी पुन्हा त्या इंग्रजी पुस्तकात डोकं घातलं. आपण खरं तेच सांगितलं, असं मी स्वतःला बजावत राहिलो आणि ते काही केल्या पटेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. माफी मागायलाच गेलो होतो, शपथेवर सांगतो. पण दारात उभा राहिलो आणि तोंडातून निघालं, "अक्का, त्या पाटीवर काय लिहिलेलं होतं?"

त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भाऊ, माले वाचता येत नही."

मी वळलोच होतो.

"पण हातले याद शे. चिंच त्या आकडास्मा बसी जाये. मी काडी घीसन कोरी काढू." म्हणजे आकड्यांच्या खाचांत बसलेली चिंच त्या दर वर्षी काडीनं कोरून काढायच्या.

त्यांनी सुपात तांदूळ पसरला आणि बोटानं रेघा ओढल्या. आधी शेजारी शेजारी दोन उभ्या काड्या. मग एक टिंब. मग डोक्यावर आडवी पट्टी ठेवलेला एक विळा. "त्याना मांगे डोंगरना मायेक अक्षर व्हतं," असं म्हणून त्यांनी शेवटी डोंगरासारखा टोकदार इंग्रजी ए काढला.

इंग्रजी आकड्यांत साडेअकरा अँपिअर. म्हणजे मोटर पाच नव्हे, साडेसात हॉर्सपॉवरची होती आणि अकरा हा तिचा रोजचा घासच होता.

मिलमध्ये येऊन साडेअकरा भरले. रोलर फिरला, तूर पडू लागली, दुपार झाली तरी मोटर थांबली नाही. शेठनी पाठीवर थाप मारली. "शाब्बास! आकडा काढलास कसा?"

"हिशेबानं" हा शब्द अगदी जिभेवर आला होता. तो गिळायला मला फार वेळ लागला, याची अजून लाज वाटते. "अक्कांनी दिला," मी म्हणालो. शेठनी अक्कांना बोलवायला माणूस धाडला.

अक्का कामावर आल्या. माझ्याशी पूर्वीसारख्याच बोलत, ना कमी ना जास्त. माफीचा विषय मीही काढला नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी सगळं पितळ घासलं आणि त्या मोटरपाशी येऊन थांबल्या. चिंचेचा गोळा माझ्या हातावर ठेवला.

"भाऊ, ही पाटी या साल तुम्हीच घसा."

ती थट्टा होती की राग, मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही. मी खाली बसलो आणि घासू लागलो. पाटीवर जपण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी माझा हात फार जपून चालत होता.