तीन ठोके, आणि जवाब

भुताखेतांच्या या धाग्यावर मी आजवर फक्त भांडायलाच आले आहे, हे जुन्या लोकांना आठवत असेल. मध्यंतरी एकांनी रिकाम्या झोपाळ्याचा किस्सा टाकला होता, तेव्हा "वारा नावाची एक गोष्ट असते" असं लिहून मी बऱ्याच जणांचा रोष ओढवून घेतला होता. माझा धंदाच तो आहे. मी सॉफ्टवेअर टेस्टर. पुन्हा करून दाखवता येत नसेल तर तो बग मी सरळ क्लोज करते. तर आता माझाच एक किस्सा. हसायचं तर खुशाल हसा.

गोष्ट दोन वर्षांपूर्वीची, म्हणजे २००६ च्या ऑक्टोबरमधली. आम्ही तेव्हाही इथे अमेरिकेत, बेलव्ह्यूलाच राहत होतो. माझ्या नवऱ्याला, मिलिंदला, माउंटन बायकिंगचं वेड लागलं होतं. साधं नाही, अगदी डोक्यावर परिणाम झाल्यासारखं. दोन सेकंडहँड बाइक आल्या, त्यातली एक माझ्या गळ्यात मारली गेली. आणि खोटं कशाला बोलू... मलाही ते आवडायला लागलं होतं.

त्याच वेळी माझे सासरे सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. बाबांची सगळी नोकरी चंद्रपूरकडच्या कोळशाच्या खदानीत झाली, जमिनीखाली. ते मायनिंग सरदार होते, म्हणजे पाळीवरची माणसं सुखरूप आत नेऊन सुखरूप बाहेर आणायची, ही जबाबदारी त्यांची. स्वभावाने अगदी गरीब माणूस. पण त्यांची एक सवय मला वात आणायची – ठोकण्याची. चहा झाला, ठोका. कुरिअरवाला आला, ठोका. आम्ही वरच्या खोलीत असलो की हे खालून जिन्याच्या लोखंडी कठड्यावर चमचा मारणार. ठक ठक ठक. थांबणार. पुन्हा ठक ठक ठक. हाक म्हणून मारायची नाही!

"बाबा, हाक मारा ना," मी कितीदा तरी म्हटलं असेल.

"हाक दूर जात नाही बाई," ते म्हणायचे. "ठोकलेलं जाते."

खदानीत छत बसलं की आत अडकलेली माणसं दगड घेऊन रुळावर नाहीतर पाइपावर ठोकतात. तीन, थांबून तीन. बाहेरच्यांनी तसंच ठोकून जवाब द्यायचा. त्यांच्या अंगात ते इतकं भिनलं होतं की अमेरिकेतल्या जिन्यावरही सुटलं नाही. शेजारच्या बाईने दोनदा तक्रार केली. दोन्ही वेळा सॉरी म्हणायला मीच गेले.

तर त्या शनिवारी आम्ही तिघं बेलिंगहॅमच्या बाजूला गेलो. बेलव्ह्यूपासून उत्तरेला दीड-दोन तास. टेकडीचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर उद्या कोणीतरी कॅमेरा घेऊन जाईल. समुद्र इतका जवळ की पार्किंगमध्ये उतरल्याबरोबर नाकाला खारा वास येतो. पूर्वी या टेकडीतून कोळसा काढायचे. कोळशाच्या गाड्यांचे रूळ केव्हाच उखडले, त्या सपाट वाटेवरच आता बाइकची ट्रेल आहे. परत येईपर्यंत पायमोजे काळे होतात. पार्किंगला लागूनच खदानीचं जुनं तोंड आहे, काँक्रीट आणि लोखंडी जाळी लावून बंद केलेलं.

बाबांनी ते तोंड बघितलं आणि उगाचच चपला काढून नमस्कार केला. मग गाडीत जाऊन बसले. पराठे आणि ठेच्याचा डबा त्यांच्याजवळच ठेवला.

"आणि बाबा, इथे ठोकायचं नाही हं," मी बजावलं. "लोक शांततेसाठी येतात इथे. उगीच रेंजर येईल."

"बरं बाई," ते म्हणाले.

मिलिंद नेहमीसारखा पुढे सुटला. वरच्या फाट्यावर देवदाराचं एक भलंमोठं खोड आहे, तिथे भेटायचं ठरलं होतं. मी धापा टाकत पोचले तोवर समुद्रावरून धुकं चढायला लागलं होतं. मिलिंदचा पत्ता नाही. फोनला रेंज नाही. थोडा वेळ थांबले, दोन हाका मारल्या. हे काही नवीन नव्हतं. कंटाळा आला की हा माणूस सरळ खाली जाऊन डबा उघडतो, हा माझा अनुभव. मनात चार शिव्या घातल्या आणि मीही उतरायला लागले.

थोडी खाली आले असेन, तेवढ्यात आवाज आला. ठक ठक ठक. मग थांबून, ठक ठक ठक.

अस्सा राग आला म्हणून सांगू! एवढं बजावलं, तरी ह्यांनी जेवायला बोलावण्यासाठी डबा बडवायला घेतलाच. आवाज डावीकडून येत होता आणि पार्किंग तर उजवीकडे खाली. पण धुक्यात मला वाटलं, आपलीच दिशा चुकली. हरणांच्या पायाने पडते तशी बारीकशी वाट डावीकडे जात होती. मी बाइक ढकलत तिकडे वळले. "बाबा, पुरे! ऐकू आलं!" असं मराठीत ओरडतसुद्धा होते.

ठोके काही थांबले नाहीत. घाईचेही नव्हते, एका लयीत चालले होते. पाच-सात मिनिटं मी त्या आवाजाच्या मागे गेले असेन. मग नेच्याच्या झुडपात एक चाक दिसलं. मिलिंदची बाइक आडवी पडली होती, आणि तिच्यापुढे जमीनच नव्हती.

जुन्या खदानीवरची जमीन खचून खड्डा पडला होता. माणूस उभा राहील आणि वर आणखी अर्धा, एवढा खोल. पानांनी झाकलेला असणार. मिलिंद तळाशी होता. एक पाय भलत्याच बाजूला वळलेला, चेहरा पांढराफटक. दोन्ही हातांनी एक मूळ घट्ट धरलं होतं, कारण त्याच्या पायाखालची माती आणखी खाली, आतल्या अंधारात सरकत होती. बरगडीला मार बसला होता, ओरडता येत नव्हतं.

 देवा शप्पथ, आयुष्यात एवढी कधी घाबरले नाही.

मला बघून तो म्हणाला, "यार मेधा... बरं झालं तू ठोकत राहिलीस. नाहीतर हात सुटले असते माझे."

"मी कुठे ठोकत होते? तूच ठोकत होतास ना?"

त्याने नुसतं हातांकडे बघितलं. दोन्ही हात मुळावर होते. आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत असतानाच आवाज पुन्हा आला. तीन. थांबून तीन. मिलिंदच्या मागून, जिकडे माती सरकत होती तिकडून.

त्यावर बोलायला वेळ नव्हता. आम्हा दोघांकडच्या जादा ट्यूब एकमेकींना बांधून मी खाली सोडल्या. त्याने कशाबशा काखेतून घेतल्या, आणि दुसरं टोक मी झाडाला आवळलं. मग रेंज मिळेपर्यंत वर पळाले आणि 911 ला फोन केला. रेस्क्यूवाले लवकर आले, माणसं भली होती. उजेड होता तोवर मिलिंद वर आला. दोर गुंडाळताना त्यांच्यातला एकजण खड्ड्याच्या काठावर थबकला आणि त्याने मला विचारलं, "खाली आणखी कोणी आहे का?"

"नाही, आम्ही दोघंच होतो," मी म्हणाले.

तो थोडा वेळ वाकून ऐकत राहिला. मग स्ट्रेचर उचलायला गेला. त्याने काय ऐकलं ते मी विचारलं नाही. त्या रात्री खड्डा आणखी खचला आणि मिलिंदने धरलेलं ते मूळ आत गेलं, असं रेस्क्यूवाल्यांनी आम्हाला नंतर फोनवर कळवलं.

खाली आले तर बाबा गाडीत गाढ झोपलेले. डबा जसाच्या तसा फडक्यात बांधलेला, चमचासुद्धा आतच. उठवून सगळं सांगितलं तर आधी मुलासाठी रडले. मी पण रडून घेतलं. मग हॉस्पिटलमध्ये, मिलिंदचं ऑपरेशन चालू असताना, त्यांनी मध्येच विचारलं –

"जवाब देला का कोणी?"

"कोणाला, बाबा?"

"ठोकत होता त्याले. त्यानं तुले बलावलं, पोराले जागं ठेवलं. आवाज आला त जवाब द्या लागते बाई. नाही तं आतल्याले वाटते, वर कोणीच नाही."

मला त्या रेस्क्यूवाल्याचा प्रश्न आठवला. 

परत जाण्याआधी बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा आमच्याकडे हट्ट धरला. मिलिंदला प्लास्टरसकट मागच्या सीटवर आडवा करून आम्ही पुन्हा तिथे गेलो. बाबांनी एक दगड उचलला आणि खदानीच्या त्या तोंडाच्या लोखंडी जाळीवर ठोकलं. तीन, थांबून तीन. मग जाळीला तोंड लावून आत बोलले, "पोरगा निघाला बरं का भाऊ. सुखरूप आहे." कान लावून बराच वेळ उभे राहिले. आतून काही आलं नाही.

मी विचारलं, "जवाब आला नाही म्हणजे काय, बाबा?"

"म्हणजे निघाला असंल," ते म्हणाले. आणि जरा थांबून, "नाही तं थकला असंल."

मिलिंदकडे स्पष्टीकरणं आहेत. सुतारपक्षी. खदानीतलं पाणी. कुजलेली लाकडं. मी टेस्टर आहे, एकेक तपासून पाहिलं. सुतारपक्षी तीन मोजून थांबत नाही. बाकीच्यांबद्दल नक्की काही सांगता येत नाही. हा बग मला पुन्हा करून दाखवता आलेला नाही, आणि क्लोजही करता आलेला नाही.

आता दर ऑक्टोबरला आम्ही तिथे जातो. बाबा बल्लारपूरहून फोनवर आठवण करतात, "गेल्ते का? ठोकलं का?" जाळीवर मीच ठोकते. बाजूने बाइकवाले जातात, वळून बघतात, बघू देत. मग मी कान लावून उभी राहते. मिलिंद काठी टेकत मागे येतो आणि विचारतो, "आलं का काही?"

"नाही," मी म्हणते. याचं बरं वाटून घ्यायचं की वाईट, ते आम्हाला दोघांनाही अजून कळलेलं नाही.