अनवाणी हिरोचे बूट

माझ्या थोरल्या भावाने जन्माला घातलेल्या सुपरहिरोला मी बूट घातले. बूट तेवढे घालू देऊ नकोस, एवढं एकच सांगून त्याने मला पाठवलं होतं, आणि मी जाऊन नेमकं तेच करून आलो.

आमचं मूळ गाव खाडीकाठचं. वडील मिठागरात कामाला होते. मी चार वर्षांचा असताना ते गेले, दादा तेव्हा चौदाचा. पुढे दादा पेंटर झाला. ट्रकांच्या मागे मोर, कमळं, बंदूक घेतलेला जवान असलं रंगवायचा. त्याच्या जवानाच्या बुटांना अशी चकाकी असायची की ट्रकवाले गमतीने त्यात बघून भांग पाडायचे. आणि रात्री ट्रक नसले की कॉमिक काढायचा. आधी माझ्या शाळेच्या वहीत, मागच्या पानांपासून उलटं. मग एका मुलांच्या मासिकाने ते छापायला घेतलं आणि पाच-सहा वर्षं ते दर महिन्याला येत राहिलं.

हिरो आमच्यातलाच. मिठागरात काम करणारा. डोक्यावरून गोणपाटाची खोळ, म्हणजे पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खुपसून केलेली टोपी, तीच मागे सुपरहिरोच्या केपसारखी उडायची. खोळीच्या सावलीत तोंड कधी दिसायचं नाही. कमरेला लंगोटी. हातात मीठ ओढायचं लांब दांड्याचं लाकडी फावडं. आणि पाय उघडे. त्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण ते पण नंतर बदललं. खोळ लालभडक होती. पोतं कधी लाल असतं का? पण मासिकाला काळ्याखेरीज एकच शाई परवडायची, ती लाल. मग काय, आमचा हिरो लाल. आम्हा पोरांना वाटायचं यात काहीतरी मोठा अर्थ असणार.

हे सगळं मासिकाबरोबर संपलं होतं. मी नागावला चार खोल्यांचं होमस्टे चालवतो. पाहुण्यांना मासे कमी आणि गोष्टी जास्त वाढतो, अशी आमच्या घरातल्यांची तक्रार आहे. दादाची किडनी गेल्यावर दादा-वहिनी माझ्याकडेच राहायला आले. आठवड्यातून तीनदा अलिबागला डायलिसिस, नागावहून ये-जा सोपी. एकदा एका तरुण पाहुण्याने माळ्यावरचे जुने अंक चाळले, चार दिवसांचे सहा दिवस राहिला, आणि पुढच्या महिन्यात मुंबईहून माणसांना घेऊन आला. वेब सिरीज करायची म्हणाले. दादाने कागदावर सही केली आणि संध्याकाळभर छातीवर हात ठेवून बसून राहिला. मला वाटलं दुखतंय. म्हणाला, "न्हाय रं. बरं वाटतंय."

पोशाख ठरवायला त्यांनी दादालाच बोलावलं होतं. पण तो वार डायलिसिसचा निघाला. म्हणून मी गेलो. निघताना दादाने हाक मारली.

"बाकी काय बदलायचं ते बदलू दे. त्यांचा धंदा हाय, त्यांना कळतो. पण पाय उघडे ठेवायला सांग."

"एवढंच?"

"एवढंच. बूट न्हाय, चप्पल न्हाय."

अलिबागमधल्या एका बंगल्याचा हॉल त्यांनी घेतला होता. कपड्यांच्या रांगाच्या रांगा, मधोमध पुरुषभर उंचीचा आरसा. कॉस्च्युमवाली मुलगी तिशीच्या आतली, केस बारीक कापलेले, गळ्यात टेप. मला खुर्ची दिली, चहा दिला, आणि लॅपटॉपवर आमच्या हिरोचं काय काय होणार ते दाखवू लागली.

"काका, हा लाल कॅमेऱ्यात बोंबलतो. कागदावर छान आहे, पण स्क्रीनवर हा माणूस रस्त्यावरचा सिग्नल वाटेल. म्हणून आपण मातकट काळा घेतलाय."

मी म्हणालो, बरोबर आहे.

"गोणपाट ॲक्च्युअली अंगाला चिकटतं आणि पळताना उडत नाही. तर वरून गोणपाटासारखं, आतून रबर."

बरोबर आहे.

"लंगोटीचं मात्र सॉरी. फॅमिली बघणार."

तेही बरोबर. फावडं धातूचं झालं, दंड-छाती फोमची झाली. मी प्रत्येकाला मान डोलावली. खरं सांगतो, ती बोलत होती ते पटण्यासारखंच होतं. कागदावरचा माणूस एका चित्रात उभा असतो. त्याला घाम येत नाही, जिना चढायला लागत नाही, लघवीला जावं लागत नाही. ती बिचारी एका जित्याजागत्या नटाला हे सगळं करता येईल असे कपडे शिवत होती. मी त्या मुलीला आजही दोष देत नाही. दोष द्यायला घरचा माणूस असताना बाहेर कशाला शोधायचा?

मग तिने बूट आणले. गुडघ्याच्या खालपर्यंत, मिठाचे खवले बसल्यासारखी नक्षी. नट आला नव्हता आणि माझ्या पायाचा नंबर तोच निघाला. "काका, जरा घालून चालून दाखवता?" म्हणाली.

एकसष्ट वर्षांचा, पोट सुटलेला, हाफ पँटमधला माणूस. बूट घालून हॉलभर चाललो. आरशासमोर एकदा वळलोसुद्धा. कोणीतरी शिट्टी मारली. तेवढ्यात तिने विचारलं, "काका, पण ओरिजिनलमध्ये हा अनवाणी का आहे? काही रिझन आहे का? असेल तर आपण विचार करू."

विचार करू, असं ती म्हणाली होती. दार सताड उघडं होतं. दादाने सांगितलेलं एक वाक्य आत नेऊन ठेवायचं, एवढंच काम. आणि मी म्हणालो, "रिझन कसलं! दादाला बूट चितारायला जमायचे नाहीत."

सगळा हॉल हसला. सहा-सात तरुण पोरं, एकदम, मोकळं. या वयात माझ्या बोलण्यावर घरात कोणी हसत नाही. मला वाटलं, आज आपण जिंकलो. ट्रकवरच्या जवानाचे ते चकाकते बूट मी लहानपणी जवळ बसून बघितले होते, तरी बोललो.

दादाचं सांगणं मला आठवलं ते परतीच्या रिक्षात, बायपासपाशी. फोन खिशात होता, त्या मुलीचा नंबर फोनमध्ये होता. उद्या करू म्हटलं. घरी आलो तर दादा डायलिसिसहून येऊन पडला होता, ओठ कोरडे.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

"पाय उघडेच."

त्याने डोळे मिटले. उद्याचा फोन मी केला नाही. परवाचाही नाही. एकदा खोटं बोललं की खरं करायला जाणं म्हणजे ते खोटं कबूल करण्यासारखं असतं, आणि त्याचा मला आळस आहे.

मधल्या दिवसांत काय झालं, तर दादा बोलायला लागला. एरवी डायलिसिसच्या चार तासांत भिंतीकडे बघत पडायचा. आता शेजारच्या पलंगावरच्या माणसाला सांगायचा, नर्सला सांगायचा, "बाकी सगळं बदललं, पण पाय उघडे हायत." नर्सला काही कळायचं नाही, ती "अरे वा, आजोबा" म्हणायची. मी बाजूला स्टुलावर बसून पेपर वाचायचो. तोच पेपर दोनदा.

शूटिंग काशीदला लागलं. मिठागराचा देखावा काशीदला! वाळू पांढरी आहे, कॅमेऱ्यात मीठच वाटते म्हणे. दादाने बघायचा हट्ट धरला. मी तब्येतीचं कारण काढलं, लांब आहे म्हणालो, ऊन आहे म्हणालो. वहिनी म्हणाली, "भावोजी, जन्मात पयल्यांदा कायतरी मागतायत. न्या."

नेलं. सुरूच्या झाडांखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं. वहिनीने डोक्याला टॉवेल गुंडाळला. कॉस्च्युमवाली धावत आली, दादाला वाकून नमस्कार केला, आणि नटाला हाक मारली. तो काळ्या खोळीतला उंच मुलगा आला आणि त्यानेही वाकून दादाचे पाय धरले. वाकल्यावर त्याचे बूट दादाच्या अगदी पुढ्यात आले.

दादा बघत राहिला. मी समुद्राकडे बघितलं.

"बूट..." दादा म्हणाला.

कॉस्च्युमवाली खुशीत होती. "हो ना काका! तुमच्या भावानेच सांगितलं आम्हाला, तुम्हाला बूट चितारायला जमायचे नाहीत म्हणून तो अनवाणी होता. आम्ही म्हटलं, तुमची ती राहिलेली गोष्ट आपण पुरी करू. आवडले?"

तिच्या मनात काळंबेरं काही नव्हतं. ती खरोखर भेट देत होती.

वहिनीने माझ्याकडे बघितलं. दादाने बघितलं नाही. तो त्या मुलीला म्हणाला, "व्हय. न्हाय जमायचे मला." आणि हसला. मग नटाला विचारलं, "घाम येतो काय रं आत?" तो म्हणाला, "खूप येतो." दादाने त्याच्या खांद्यावर थोपटलं.

मला सगळ्यांसमोर शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने मला वाचवलं, आणि त्यासाठी स्वतःचा हात कच्चा असल्याचं कबूल केलं. ज्या हाताने तालुक्यातले निम्मे ट्रक रंगवले तो हात.

परतताना गाडी मी चालवत होतो. रेवदंड्याच्या पुलावर मी म्हणालो, "दादा, चुकलं माझं. पण एवढं काय होतं त्या पायांत?"

"बाचे पाय ते," तो म्हणाला.

मी गाडी हळू केली.

"बाचा फोटो न्हाय आपल्याकडं. तू लहानपणी सारखा विचारायचास, बा कसा होता, बा कसा होता. काढायला बसलो की तोंड डोळ्यांपुढं यायचं न्हाय. खोटं कशाला सांगू? मिठागरात जाताना बांधावरून तो पुढं चालायचा, मी मागनं. त्याचे पायच बघितले मी. मिठाच्या वाफ्यात चप्पल घालून उतरायचं नसतं, तळ उचकटतो, मीठ काळं पडतं. त्याने जन्मात पायात काय घातलं न्हाय. भेगा पडलेल्या, डावा अंगठा बाहेर गेलेला. ते तेवढे मला जमायचे. म्हणून तुझ्या वहीत काढायचो."

"मग सांगितलं का नाहीस कधी?"

"तू वाचायचास ना. मला वाटलं, कळलं असेल."

मी वाचायचो. मी मारामाऱ्या वाचायचो. कोणाला कुठे हाणलं, फावडं कसं फिरवलं. पायांकडे कोण बघतं?

त्या संध्याकाळी माळ्यावरून सगळे अंक खाली आणले. प्रत्येक चित्रात होता तो अंगठा. उडी मारतानाही, पाण्याखालीही, पान अर्धं फाटलेलं होतं तिथेही. तोंड काळं, खोळ लाल, आणि खाली ते पाय, एकेक भेग ओढलेली. महिन्याला एक अंक, पाच-सहा वर्षं. माझ्या नावे आलेलं टपालच म्हणायचं ते, आणि मी ते न फोडता माळ्यावर टाकलं. मग माझे पाय बघितले. ते आईवर गेलेत.

दुसऱ्या दिवशी मात्र फोन केला. सगळं खरं सांगितलं.  ती मुलगी म्हणाली, "काका, अर्ध्याहून जास्त शूट झालंय. आता बूट काढले तर मागचं सगळं परत करावं लागेल. माझ्या हातात नाही." आणि मग अगदी बारीक आवाजात, "मी विचारलं होतं हो तुम्हाला." दुसऱ्या भागात बघू, असं तिने सांगितलं. ते मी दादाला सांगितलं, या वेळी शब्दाला शब्द. तो "बरं" म्हणाला. डायलिसिसला पुन्हा भिंतीकडे बघत पडायला लागला. नर्सने एकदा विचारलं, "काय आजोबा, तुमचा हिरो काय म्हणतो?" तो म्हणाला, "मजेत हाय."

गणपतीच्या आधी गेला. घर रडत होतं, आणि मी भेटायला आलेल्यांना दादाच्या गमती सांगून हसवत होतो. दुसरा भाग निघेल तेव्हा निघेल.

सिरीज आली तेव्हा वर्षश्राद्ध व्हायचं होतं. गल्लीतले सगळे आमच्या ओटीवर जमले, मोठा टीव्ही बाहेर मांडला होता. वहिनी भिंतीला टेकून बसली होती. सुरुवातीलाच अंधार, वारा, आणि मग पडदाभर नुसते बूट. करकर वाजत पांढऱ्या वाळूवरून चालत येणारे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादाचं नाव खाली बारीक अक्षरात येऊन गेलं, कोणाला वाचताही आलं नाही.

आमच्या मूळ गावाहून पलीकडच्या वाडीत लेकीकडे राहायला आलेल्या म्हाताऱ्याने, जो माझ्या वडिलांबरोबर मिठागरात होता, मोठ्याने विचारलं, "ह्याला बूट कुनी घातले रं? मिठागरवाला ना ह्यो?"

सगळे माझ्याकडे वळले. मी काय करायला हवं होतं ते मला ठाऊक होतं. गाडीत दादा जे बोलला ते सांगायला हवं होतं. तो म्हातारा ते पाय ओळखणारा शेवटचा माणूस असेल. पण ओटी भरलेली होती, माणसं वाट बघत होती, आणि माझं तोंड माझ्या आधी उघडलं.

"आता मिठाला भाव आलाय, काका," मी म्हणालो. "मिठागरवाल्यांना बूट परवडतात."

ओटी हसली. म्हातारा पण हसला, दात नसलेला.

वहिनी उठली, टीव्हीचा आवाज बंद केला, आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "भावोजी, बा मेला तवा तुमी चार वर्साचे होतात, म्हनून रडला न्हाय. आता वय काय तुमचं?"