सरणासमोर दोन शब्द

आमच्या गावात माणूस गेला की आधी लाकडं सांगतात, मग मला सांगतात. फोन उचलला की पलीकडून एवढंच येतं, "सर, बारा वाजता न्याचं हाय." कोणाला न्यायचं ते मागाहून कळतं. मी हायस्कूलला मराठी शिकवतो. पोरांना वक्तृत्व स्पर्धेला उभं करतो, आणि गेली वीसेक वर्षं बोरी अरबच्या आसपास कुठंही शोकसभा असली की संचालन करतो, म्हणजे बोलणाऱ्यांना एकेक करून पुढं बोलावतो आणि सगळ्यात शेवटी स्वतः बोलतो.

बाहेरच्यांना ही चाल ठाऊक नसते. आमच्याकडे अग्नी दिला की लोक लगेच पांगत नाहीत. मोक्षधामातल्या शेडखाली बसतात. सरण समोर पेटलेलं असतं आणि चार-पाच जण उठून मेलेल्याबद्दल दोन शब्द बोलतात. शेवटी सगळे उभे राहून दोन मिनिटं शांतता पाळतात, आणि ती पाळली की सभा संपली. त्यानंतर कोणी तोंड उघडत नाही, हातपाय धुऊन सरळ घरी. हा नियम कोणी लिहून ठेवलेला नाही, पण मोडलेलाही कोणी पाहिला नाही.

बायको मला सुतकी रेडिओ म्हणते. पारावरचे म्हातारे तर तोंडावर सांगतात, "सर, माह्या टायमाले जरा लांबलचक बोलजा." मी म्हणतो, आधी मरून तर दाखवा. लोक हसतात. मला ते आवडायचं, कशाला खोटं बोलू? माझा आवाज कुठं खाली जातो, कुठं मी थांबतो, कोणत्या वाक्याला बाया पदर डोळ्याला लावतात, सगळं मला ठाऊक होतं. आणि वेळेच्या बाबतीत मी खाष्ट. कोणी पाल्हाळ लावला की मागून शर्ट ओढायचो. शाळेतल्या स्पर्धेतली घंटा डोक्यात कायमची बसलेली. मेलेल्यासमोरसुद्धा ती वाजायची.

दोन वर्षांपूर्वी कापूस वेचणीच्या दिवसांत गावातला एक शेतकरी छातीत दुखून गेला. भला माणूस. पण सख्ख्या धाकट्या भावाशी त्याचा अकरा वर्षं अबोला होता. दोघांच्या शेतांच्या मधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून सुरू झालेलं भांडण, ते एकमेकांच्या पोरींच्या लग्नाला न जाण्यापर्यंत गेलं. दोन्ही घरांची भिंत एक. एकाच्या घरी खोकला आला की दुसऱ्याच्या घरी ऐकू येणार, पण पाणी विचारायची सोय नाही.

त्या दिवशी धाकटा आला. खांद्यावर दुपट्टा टाकून शेडच्या खांबाला टेकून उभा राहिला. लोक सरणाकडं कमी आणि त्याच्याकडंच जास्त पाहत होते. सरपंच बोलले, सोसायटीचे एक जण बोलले, मग मी. आणि माझं भाषण काय जमलं म्हणता! वारासुद्धा पडलेला. बॅटरीचा माईक एकदाही खरखरला नाही. त्या भरात मी म्हणून गेलो, "या माणसाचं आयुष्यात कोणाशी वैर म्हणून नव्हतं." उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय. दहा हातांवर त्याचा भाऊ उभा होता.

मी थांबलो, तर तो खांब सोडून पुढं आला. हात वर केला, शाळेतल्या पोरासारखा. घसा खाकरला आणि म्हणाला, "सर, मले बी दोन शब्द बोलाचे हायत."

मला वाटलं, हा आता धुरा काढणार. सरणासमोर तमाशा होणार. नंतर कित्येक दिवस मी स्वतःला हेच सांगत होतो, की मी तमाशा टाळला. पण आता इथं नाकानं कांदे सोलत बसत नाही. खरं कारण वेगळं होतं. माझं भाषण जमलं होतं, लोक गलबलले होते, आणि सभा माझ्याच शेवटच्या वाक्यावर संपावी असं मला वाटत होतं. माईक माझ्या हातात होता. मी म्हणालो, "आता आपण सर्वजण उभे राहून दोन मिनिटं शांतता पाळू या."

सगळे उठले. त्याचं तोंड उघडंच होतं. मग त्यानं ते मिटलं. हात खाली घेतला. मी मनगटावरच्या घड्याळाकडं पाहत राहिलो, म्हणजे त्याच्याकडं पाहावं लागू नये. दोन मिनिटं पुरी झाली, लोक नळाकडं गेले.

संध्याकाळपर्यंत माझं भाषण व्हॉट्सॲपवर फिरलं. पुसदवरून फोन, बाभुळगाववरून फोन. "सर, रडवलं तुम्ही." कोण्या पोरानं काढलेला तो व्हिडिओ मी कितीदा पाहिला याला हिशोब नाही. पहिल्यांदा माझ्या आवाजासाठी पाहिला. मग लक्षात आलं, शेवटी कोपऱ्यात एक हात वर येतो. चेहरा दिसत नाही. नुसता हात येतो, थांबतो आणि खाली जातो. त्यानंतर मला त्या व्हिडिओत दुसरं काही दिसलंच नाही.

वर्गात पोरगं हात वर करायचं, "सर, पाणी प्याले जाऊ का?" आणि माझं चालू वाक्य अर्ध्यावरच राहायचं. पुढं जिथं जिथं शोकसभेला गेलो, तिथं शांतता सुरू झाली की बरोबर पाठीमागं कोणीतरी घसा खाकरायचं. तोच आवाज. एकदा मी भर शांततेत वळून पाहिलं. मागं कोणी नव्हतं, निंबाचं झाड होतं. माझे डोळे भरून आले, भीतीनं आले, तर लोक म्हणाले, सर किती हळवे! बाप्पा रे, त्याचीसुद्धा वाहवा झाली.

तो गावात भेटायचा. चहाच्या टपरीवर, एसटीच्या थांब्यावर. "रामराम, सर," म्हणायचा आणि बाजूला सरकून मला बसायला जागा द्यायचा. त्यानं शिवी हासडली असती, चारचौघांत माझी अब्रू काढली असती तर मी सुटलो असतो.

शेवटी बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती, मान वर न करता म्हणाली, "मंग जा न त्याच्याकडं. त्याचं घर काय पुसदले हाय का?" तरी मला चार महिने लागले. एका रविवारी सकाळी गेलो. तो ओसरीत तूर पाखडत बसला होता. वहिनींनी चहा आणून ठेवला. माफीचंसुद्धा भाषण मी मनात बांधून नेलं होतं, सुरुवात, मध्य, शेवट. त्यातलं एक अक्षर आठवलं नाही.

"त्या दिवशी मी तुम्हाला बोलू दिलं नाही," मी म्हणालो. "मुद्दाम बोलू दिलं नाही. चुकलं माझं."

त्याचं सूप थांबलं. मी घाईघाईनं पुढं बोलत सुटलो. म्हणालो, पुढच्या महिन्यात दादांचं वर्षश्राद्ध आहे. सगळा गाव येईल. सगळ्यात आधी माईक तुमच्या हातात देतो. पाहिजे तेवढा वेळ बोला. गावासमोर मीच कबूल करतो की मी तुम्हाला अडवलं होतं.

त्यानं तुरीतला एक खडा निवडून बाजूला टाकला. रागावलेला नव्हता. पोराला समजावून सांगावं तसं हळू बोलला.

"लोकायले काय सांगाचं, सर? लोकायले सारं मालूम हाय. मले दादाले सांगाचं होतं. अकरा वर्षं त्याच्यासमोर तोंड नाई उघडलं म्या. त्या दिवशी मन घट्ट करून आलतो. सरणातून पाय दिसून राह्यले होते त्याचे. मले वाटलं, पाय दिसते तवालोग तरी त्याले आयकू येत असन."

मग त्यानं सूप पुन्हा उचललं. "चहा घ्या, सर," म्हणाला. "थंडा होऊन राह्यला."