रुळांचा दसरा

हे गेले तेव्हा गाडी अनंताच्या झाडापाशी आली होती. मी बटण बंद केलं आणि शेजाऱ्यांना हाक मारली.

ठाकुर्लीच्या आमच्या तळमजल्यावरच्या घरामागे जमिनीचा एक पट्टा होता. तिथे यांनी पितळी रूळ टाकून छोटी आगगाडी केली होती; एक इंजिन आणि मागे डबे. वीज रुळांतूनच चाकांना मिळायची. लोकांना वाटे, हे रेल्वेत असणार. यांची नोकरी होती मोहने गावी, कारखान्यात. गाडीचं वेड कुठून आलं ते मी कधी विचारलं नाही. मी पायरीवर वाचत बसायची, हे रूळ पुसत बसायचे. मी अनंताचं रोप नेमकं गाडीच्या वाटेत लावलं, तेव्हा काही न बोलता त्यांनी रूळ उचलले आणि रोपाला वळसा घातला.

आमची इमारत दिवाळीनंतर पाडायची ठरली. नव्या घराला अंगण मिळणार नव्हतं. त्याआधी गाडी एकदा तरी तिच्या जागेवर चालताना मला पाहायची होती. दसरा झाल्यावर मी बटण दाबलं. गाडी हलली नाही.

घोडबंदर रोडवरून धाकटे दीर आले. वाटेतल्या ट्रॅफिकला पुरेशी नावं ठेवून झाल्यावर त्यांनी ट्रान्सफॉर्मर उघडला, तारा बदलल्या, इंजिन खोलून परत जोडलं. शेवटी त्यांचं मत पडलं की मोटार जळली असावी आणि मी आता याचा नाद सोडावा. उठताना त्यांनी खाली हात टेकला, तो रुळावर. बोटं त्यांनी नाकाशी नेली.

"वहिनी, रुळांना खोबरेल लावलंत?"

लावलं होतं. दसऱ्याला आमच्याकडे विळी, अडकित्ता, शिवणयंत्र, सगळ्यांची पूजा होते. गाडीची पूजा हे करायचे. यंदा मी केली. शिवणयंत्राला फिरवते तसा रुळांवरून तेलाचा हात फिरवला आणि सबंध फेरीभर हळदकुंकू वाहिलं. हे फक्त इंजिनाच्या कपाळी एक बोट टेकवायचे, तेही मग पुसून टाकायचे. ते मला तेव्हा कुठे आठवलं.

"दादा तुम्हाला काही बोलला नसता," दीर म्हणाले. "मला मात्र झापलं असतं."

"भावोजी, मोटार जळली म्हणालात, ते भेट झाली की सांगेन त्यांना."

ते हसले, आणि मग बराच वेळ तारा गुंडाळत राहिले.

त्यांना सँडपेपर हवा होता. पितळेला ओरखडे यांना खपले नसते, म्हणून मी चिंच आणि मीठ आणलं. देवाची भांडी घासतात तसे आम्ही दोघं रूळ घासत बसलो, धुतले, फडक्याने कोरडे केले. ऊन कलल्यावर बटण दाबलं. इंजिन अडखळलं, थांबलं, मग निघालं. वळणावर त्याचा वेग पूर्वीसारखाच मंदावला. एक फेरी झाल्यावर मी बटणाकडे हात नेला. दीर म्हणाले, "राहू दे अजून." मलाही तेच हवं होतं.

आता ती इमारत नाही. मी भाड्याच्या घरात, वरच्या मजल्यावर राहते. रूळ खोक्यात बांधलेले आहेत. इंजिन पुस्तकांच्या कपाटात आहे, आणि ते चालतं.