लेकीच्या दातांना तारा लागल्या तेव्हा

माझे पुढचे दोन दात लहानपणापासून एकमेकांवर चढलेले. तारा लावल्या तर सरळ होतील, असं शाळेतल्या तपासणीत डॉक्टरांनी सांगितलं होतं. बाबा म्हणाले, "जेवता येते ना तिले? मग झालं." तेव्हापासून मी तोंड मिटून हसते.

लेकीचे दात माझ्यावरच गेले. ती नववीत असताना तिला घेऊन आम्ही आमच्या शहरातल्या तात्यापारा भागातल्या दातांच्या डॉक्टरकडे गेलो. नवऱ्याने तिच्या दातांचे फोटो पाहिले न पाहिले आणि म्हणाला, "लावून टाका." एवढं सोपं होतं ते. दुसऱ्याचं चांगलं झालं की पोटात दुखतं म्हणतात. माझं स्वतःच्या पोरीवरून दुखलं.

डॉक्टर तरुण होत्या. फुटाणे, चिक्की, बर्फ बंद, चिकट चॉकलेट तर नकोच. पेरू, सफरचंद बारीक चिरून द्यायचं. तारा आवळल्या की दोन-तीन दिवस दात ठणकतात, तेव्हा मऊच द्या, म्हणाल्या. मग मी खिचडी, दहीभात, मुगाचं धिरडं करायला लागले. तांदळाच्या पिठाचे फरे वाफवून द्यायची. सगळं हौसेनं करायची, पण ती आरशापुढे उभी राहून तिच्या शाळेतल्या हिंदीत "मम्मी, देखो ना, सीधे हो रहे हैं" म्हणाली की मी "हव" म्हणून स्वयंपाकघरात निघून जायची.

पोळ्याला घरात ठेठरी तळली. बेसनाची, कडक. तिला हात लावू नको म्हणून बजावलं होतं, तरी पोट्टीनं गुपचूप एक तोडली. दातावर चिकटवलेला धातूचा तुकडा निघाला आणि तार गालाला टोचायला लागली. दुसऱ्या दिवशी पुन्हा दवाखाना.

डॉक्टर तो तुकडा बसवत होत्या. मी बाजूला उभी होते. माझ्याही नकळत विचारून बसले, "मेरी उमर में भी होता है क्या?"

"क्यों नहीं, आंटी? मसूड़े ठीक हों तो हो जाता है." हिरड्या तेवढ्या धड हव्यात, एवढंच.

लेकीला तोंड उघडं ठेवायला सांगितलं होतं, पण तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. बाहेर आल्यावर माझ्या हातातली गाडीची किल्ली धरून ठेवत म्हणाली, "आपको भी चाहिए था?"

"मले कोणी विचारलंच नाही कधी."

तिनं संध्याकाळी वडिलांना सांगितलं. नवरा चकित झाला. "काहून बोलली नाहीस इतक्या वर्षांत?" मी ताटं वाढायला घेतली.

मलाही तारा लागल्या. ऑफिसात डब्यातली पोळी डाळीत कुस्करून खाताना सगळे बघायचे, मी बघू द्यायची. घरी काही महिने आम्ही दोघी एकाच पातेल्यातली खिचडी खात होतो आणि त्या दिवसांत माझं पोट अजिबात दुखलं नाही.

मग यंदा तिच्या तारा निघाल्या. त्याच संध्याकाळी तिनं हातगाडीवरून भाजलेला भुट्टा आणला, लिंबू-मीठ चोळलेला. माझ्या शेजारी सोफ्यावर बसली आणि सरळ दात रोवून खायला लागली. माझ्या तारा आदल्याच दिवशी आवळल्या होत्या. दहीभातसुद्धा मी जिभेनं दाबून गिळत होते.

"तिकडं बाल्कनीत जाऊन खा," मी म्हणाले.

"क्यों?" म्हणाली आणि हसली. एका ओळीतले, चकचकीत दात. ती काही उठली नाही, आणि मला तिच्यावरून नजर हटवता आली नाही.